वापरलेली सुई परत आण

“सुया वाटता? गर्दुल्ल्यांना? आणि याला तुम्ही समाजसेवा म्हणता?”

मामांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. मामांचा आवाज खाली आला की प्रकरण गंभीर आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते वसईत एका गटाचं काम बघतात. व्यसनातून बाहेर पडू पाहणारे आणि त्यांच्या घरचे तिथे आठवड्याला एकत्र बसतात. मी विरारला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते आणि सुट्टीच्या दिवशी लोकलने मुंबईतल्या एका संस्थेच्या केंद्रावर जाते. इंजेक्शनने नशा करणारी माणसं तिथे येतात. त्यांच्या जखमांवर पट्टी करायची, नोंदवही लिहायची, कुणाला एचआयव्हीच्या तपासणीला सोबत न्यायचं, वापरलेल्या सुया मोजून घ्यायच्या आणि नव्या द्यायच्या, एवढं माझं काम. त्यातलं शेवटचं काम मामांना कुठून तरी कळलं होतं.

मामा काय म्हणाले आणि मी काय म्हणाले, ते जमेल तितकं जसंच्या तसं इथे मांडते. त्यांचे आक्षेप वसई-विरारमधल्या कितीतरी घरांतून ऐकू येतात, आणि ते घेणाऱ्या या माणसाने व्यसन लांबून पाहिलेलं नाही.

“वाटत नाही, मामा. बदलून देतो. तो वापरलेली आणतो, आम्ही नवी देतो.”

“आणि नाही आणली तर?”

“तरी देतो. पुढच्या वेळी आण म्हणून सांगतो.”

“म्हणजे वाटताच.”

“हो, पहिल्यांदा वाटतोच. रिकाम्या हाताने आला म्हणून परत पाठवला, तर तो बाजूच्याची सुई घेईल.”

मामांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. “ऐक. 1980नंतर मुंबईत ब्राउन शुगर आली, तेव्हा मी विरार-चर्चगेट रोज करत होतो. पन्नीवर पुडी टाकायची, खाली काडी धरायची, धूर ओढायचा. आम्हाला वाटलं, सिगारेटसारखंच काहीतरी असेल. बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरांनी 1981 साली कृपा फाउंडेशन सुरू केलं, पुढे ते आपल्या वसईतही आलं. पुण्यात अनिल आणि अनिता अवचटांनी 1986 साली मुक्तांगण काढलं. या लोकांनी माणसाला काय सांगितलं? आजचा दिवस घ्यायची नाही. बस. योगासनं, गटात बसणं, घरच्यांशी खरं बोलणं. त्यातून माणसं उठली, मी डोळ्यांनी पाहिली. त्यांना कुणी सांगितलं असतं, घे बाबा, पण स्वच्छ सुईने घे, तर ती उठली असती का?”

“जी उठली, ती आधी दारापर्यंत पोचली होती. माझा प्रश्न न पोचलेल्यांचा आहे. सामाजिक न्याय खात्याने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, 2019 साली तिचा अहवाल आला. इंजेक्शनने नशा करणारे साडेआठ लाख. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांत 20मधल्या एकालाच कुठे तरी दाखल होऊन उपचार मिळालेले. उरलेल्या 19 जणांचं काय करायचं?”

“त्यांना दारापर्यंत आणायचं.”

“कोण आणणार? तुम्ही रुळांकडेच्या झुडपांत गेलात, तर ते तुमच्याशी बोलतील?”

“पळतील,” मामा म्हणाले. या बाबतीत ते कधी खोटं बोलत नाहीत.

“आमच्यापासून पळत नाहीत. सुई मिळते म्हणून थांबतात, आणि थांबले की बाकीचं बोलता येतं.” मग मी त्यांना केंद्रावरच्या एका माणसाबद्दल सांगितलं. पन्नाशीचा असेल. पूर्वी गोदीत हमाली करायचा. त्याच्या पोटरीवर मोठं गळू झालं होतं. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली की तिचं टोक बोथट होतं, भिंगाखाली पाहिलं तर चक्क वाकलेलं दिसतं. हातांच्या नसा आधीच दगडासारख्या झालेल्या, म्हणून तो पायात शोधत होता. नस चुकली की औषध मांसात उतरतं आणि तिथे पू धरतो. इस्पितळाच्या रांगेत बाजूचे लोक नाकाला रुमाल लावतात, म्हणून तो तिकडे जात नव्हता. आमच्याकडे आला होता फक्त सुईसाठी. सुया मोजता मोजता नर्सताईंनी म्हटलं, पाय बघू. त्यांनी चीर देऊन पू काढला, मी पट्टी बांधली. पट्टी बदलायला म्हणून तो येत राहिला. पुढे एकदा खाली बघूनच त्याने विचारलं, “ताई, सुई सोडायला ती जिभेखालची गोळी असते ना, ती मला मिळेल का?”

“हा एक झाला,” मामा म्हणाले.

“हो, एकच सांगितला. सगळे असे नसतात. काही वर्षानुवर्षं सुई घेऊन जातात आणि नाव विचारलं तरी सांगत नाहीत.”

“मग त्यांचा काय फायदा?”

“त्यांचं रक्त स्वच्छ राहतं.”

मामांना हे पटवायला मला लॅबमधली साधी सिरिंज पुरली. तिची सुई नळीवर बसते तिथे, दट्ट्या पूर्ण दाबला तरी, थोडी जागा उरते. रक्ताचा थेंब तिथेच अडकतो. पाण्याने खळखळून घेतली तरी पूर्ण निघत नाही. अशा सिरिंजमधल्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू प्रयोगशाळेत सहा आठवड्यांपर्यंत जिवंत सापडला आहे. काविळीचा सी विषाणू तर 63 दिवसांपर्यंत. म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला कुणी वापरून टाकलेली सिरिंज श्रावणात दुसऱ्याने उचलली, तरी धोका शिल्लक असू शकतो. त्यात नुसत्या सुया बदलून भागत नाही. पुडी विरघळवायचं झाकण, गाळायचा कापूस, पाणी, हेही चौघांत एकच असतं आणि हेपटायटिस सी त्यातूनही जातो. या आजारावर आता 12 आठवड्यांच्या गोळ्या आहेत, 2018पासून सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळतात. पण आपल्याला तो झालाय हे माणसाला आधी कळायला हवं, आणि त्यासाठी कुणीतरी त्याचं रक्त तपासायला हवं. ते आम्ही करतो.

“मणिपूरचं तुम्ही ऐकलं असेल,” मी म्हणाले. “1989-90मध्ये तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्या मुलांत एचआयव्ही दिसायला लागला. काही महिन्यांत निम्म्या मुलांना लागण झालेली होती. त्यांच्याकडून त्यांच्या बायकांना. आजही देशात सर्वसाधारण प्रौढांत हजारात दोघांना एचआयव्ही आहे. सुई घेणाऱ्यांत 2021च्या पाहणीत शंभरात साधारण नऊ.”

“आणि सुया बंद केल्या तर?”

“स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराने करून पाहिलंय. 1980च्या दशकात पोलिसांनी दुकानांतून सुया मिळणं बंद पाडलं. हेतू चांगलाच होता, मुलं नशा सोडतील असं वाटलं. मुलांनी नशा सोडली नाही. हाताशी होत्या त्या दोन-चार सुया सगळ्यांत फिरायला लागल्या. एका डॉक्टरने आपल्या दवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांचं रक्त तपासून 1986 साली निष्कर्ष छापले. निम्म्यांना एचआयव्ही. तिथून जवळच्या ग्लासगोमध्ये प्रमाण त्याच्या कितीतरी खाली होतं.”

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला आजही सहज देता येत नाही. “आमच्या गटात एक बाई येतात. मुलगा सुईवर आहे. त्या तुझ्यासमोर येऊन म्हणाल्या, माझ्या मुलाच्या हातात तू सुई दिलीस, तर काय सांगशील?”

“दिली म्हणेन. आधी तेवढं कबूल करेन. मग सांगेन, त्या दिवशी तो नशा करणारच होता. मी दिली नसती तर मित्राच्या खिशातली घेतली असती. आणि मावशी, त्याचं रक्त मी तपासलंय. आणखी काही सांगता येणार नाही, कारण त्याचा अहवाल त्याच्या परवानगीशिवाय आईलाही सांगता येत नाही.”

“ती बाई तुझ्या तोंडावर थुंकेल.”

“थुंकू दे. तिचा राग रास्त आहे.”

“राग रास्त आहे आणि तुझं कामही रास्त आहे, असं कसं?”

“दोन्ही आहे, मामा. ती त्याची आई आहे, तिने त्याच्याकडून सगळं मागावं. मी आई नाही. मी त्याच्याकडून वापरलेली सुई परत मागते.”

फुकट मिळाली की माणूस जास्त घेईल, हा मामांचा पुढचा मुद्दा होता. तो मी लवकर आटोपते. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सुया बदलून दिल्याने नशा वाढल्याचा खात्रीलायक पुरावा त्यात सापडला नाही. सुईच्या किमतीमुळे कुणी थांबलेलंही नसतं. सिरिंज औषधाच्या दुकानात थोड्या रुपयांत मिळते. अडतं ते गल्ल्यापाशी. कपडे, केस, हातावरचे डाग बघून दुकानदार म्हणतो, “नाही, पुढे बघ.” दुकानदाराचंही मी समजू शकते, त्याच्या इतर गिऱ्हाइकांत कुजबुज सुरू होते.

कायद्यावर मात्र आम्ही रेंगाळलो, कारण मामा नियम पाळणारे गृहस्थ आहेत. 1985च्या अमली पदार्थ कायद्यात नुसतं सेवनही गुन्हा आहे, कलम 27. “तू गुन्ह्याला मदत करतेस,” ते म्हणाले. “उद्या तुलिंज चौकीत बसवलं तर मला फोन करू नकोस.”

“मामा, 2017 साली संसदेने एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा केला, 10 सप्टेंबर 2018पासून तो लागू झाला. त्याचं कलम 22 वाचा. एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे केलेलं काम गुन्हा ठरत नाही. त्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत. नोंदणीकृत कार्यक्रम चालवणाऱ्याने नशा करणाऱ्याकडून वापरलेली सुई घेतली आणि स्वच्छ सुई दिली, तर दोघांपैकी कुणावरही कारवाई करता येत नाही, असं त्यातलं एक उदाहरण सरळ सांगतं.”

“पर्समध्ये आहेत का आत्ता सुया?”

“नाहीत, आणि कधी नसतात. ते संरक्षण त्या कार्यक्रमाला आहे. मी माझ्या मनाने पिशवीत सुया घालून नालासोपाऱ्याच्या स्टेशनबाहेर उभी राहिले, तर मला ते लागू होईल असं मी धरून चालत नाही. म्हणून तर मुंबईला जाते. तिथे संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्थांनी 1990च्या दशकापासून रस्त्यावर राहणाऱ्या नशा करणाऱ्यांत हे काम उभं केलंय. सरकारी योजनेत आउटरीच वर्कर असतात, पीअर एज्युकेटर असतात. हे पीअर म्हणजे स्वतः त्यातून गेलेले किंवा अजून त्यात असलेले. स्वयंसेवकाने त्यांच्या हाताखाली काम करायचं. कुणाशी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, ते त्यांना कळतं.”

यानंतर मामांनी खरा पेच टाकला. मी तो इथे मोकळेपणाने लिहिते, कारण त्यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे.

“तू सांगतेस ते सगळं गर्दचं आणि सुईचं. आपल्याकडे आता काय चाललंय ते बघ ना. ऑगस्ट 2022मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात छापा घातला. 700 किलोंहून जास्त एमडी, म्हणजे मेफेड्रोन, चौदाशे कोटींच्या आसपासचा माल. आमच्या गटात आता जी मुलं येतात ती विशी-बाविशीतली, ती सुई बघून घाबरतात. नाकाने ओढतात, पाण्यात घालून पितात, दोन दोन रात्री झोपत नाहीत, मग संशयाने पेटतात, आईवर हात उगारतात. त्यांना तू काय देणार? कुठली सुई बदलून देणार?”

“काही नाही,” मी म्हणाले. “एमडीसाठी जिभेखालची गोळी नाही. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, तसं याला काही नाही. त्या मुलाला झोप हवी, पाणी हवं, डोकं शांत करणारा डॉक्टर हवा आणि रागावून न बोलणारं माणूस हवं. ते तुमच्या गटात मिळत असेल तर त्याला तिथेच यायला पाहिजे. पण मामा, त्यातलाच एखादा उद्या एमडीची सुई घ्यायला लागेल, कारण काही जण घेतात. आणि एमडीचा अंमल लवकर उतरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. त्या रात्री एक सुई पुरत नाही.”

ही अर्धी बाजू झाली, मला माहीत आहे. सुया मोजणारे कार्यक्रम सुयांच्या आकड्यांत अडकून पडतात आणि नशा मात्र पुढे सरकते, ही मामांची तक्रार मी खोडू शकले नाही. वसई-विरारची वस्ती 2011च्या जनगणनेतच 12 लाखांवर होती, भाडं परवडतं म्हणून तेव्हापासून लोक येतच आहेत. मुंबईत कमावायचं, मुंबईतच कुठे तरी आडोशाला टोचून घ्यायचं आणि शेवटच्या गाडीने नालासोपाऱ्याला झोपायला यायचं, अशी माणसं मी केंद्रावर पाहिली आहेत. मुंबईच्या नोंदवहीत त्यांच्या सुया मोजल्या जातात, पण रविवारी घरी असताना ती काय करतात, ते त्या वहीला कळत नाही.

“आणि कचरा?” मामांनी अचानक विचारलं. “आमच्या सोसायटीच्या पंप-हाउसमागे सिरिंज सापडल्या. झाडणाऱ्या बाईच्या बोटात गेली एक. तुमच्याच कुणीतरी वाटलेल्या असणार.”

“मग त्यांनी काय केलं?”

“काय करणार? बोट पिळून रक्त काढलं, हळद लावली.”

हे ऐकून मी सगळा वाद बाजूला ठेवला. “मामा, पिळायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या इस्पितळात जायचं. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तरच उपयोग, पहिल्या दोन तासांत झाल्या तर उत्तम. पुढे 28 दिवस घ्यायच्या असतात. हे कधी झालं?”

होऊन बरेच महिने झाले होते. मी मामांना त्या बाईंचा फोन नंबर मागितला. तपासणी आता तरी करून घेता येईल.

“आणि त्या सिरिंज आमच्या असतील असं म्हणता,” मी पुढे म्हणाले, “पण त्या तिथे पडल्या, कारण त्या माणसाकडे कुणी त्या परत मागितल्या नाहीत. केंद्रावर काय होतं सांगते. टेबलावर जाड प्लास्टिकचा पांढरा डबा असतो, सुई आरपार जाणार नाही असा. आमच्या लॅबमध्ये असतो तोच. माणूस खिशातून, पायमोज्यातून, गुटख्याच्या रिकाम्या पाकिटातून सुया काढतो. हात लावायचा नाही, त्यानेच डब्यात टाकायच्या, आपण मोजायच्या. मग त्या जैववैद्यकीय कचऱ्यात जातात. आउटरीचवाले चिमटे आणि डबा घेऊन झुडपांतल्याही वेचून आणतात. ते झालं नाही तर सुई ओल्या कचऱ्यात जाते, घंटागाडीत जाते आणि गोखिवऱ्याला भोयदापाड्याच्या डंपिंगवर पोचते. तिथे बायका आणि पोरं उघड्या हातांनी प्लास्टिक वेचतात. त्यांनी कसली नशा केलीय?”

मामांनी मान हलवली. यावर ते काही बोलले नाहीत. माझ्या मते या सगळ्या कामातलं हेच सर्वांत मोलाचं आहे आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. कित्येक वर्षं ज्याच्याकडून कुणी कसली अपेक्षा ठेवली नाही, ज्याला घरात पाकीट दिसेल तिथे उभं राहू देत नाहीत, त्याला एक जबाबदारी सांगितली जाते. लहानशी, रोजची आणि दुसऱ्याच्या जिवाशी जोडलेली. आणि तो ती पाळतो. मोजून आणलेल्या सुया डब्यात टाकताना त्या माणसांच्या चेहऱ्यावर जो नेटकेपणा येतो, तो मी दुसऱ्या कुठल्याही वेळी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

गोळीचा विषय मामांनीच पुन्हा काढला. “ती जिभेखालची गोळी म्हणजे अफूच्याच जातीचं औषध ना? मग एक सोडून दुसरं धरलं. वर्षानुवर्षं घ्यायचं. ह्याला मुक्ती म्हणत नाहीत.”

“म्हणू नका. पण ती घेतली की टर्की लागत नाही. अंग मोडत नाही, जुलाब होत नाहीत, सकाळी उठून पैशांसाठी हात मारावा लागत नाही. नस फोडायची गरज उरत नाही. माणूस कामावर जातो. काही जण हळूहळू कमी करून सोडतात, काहींना खूप वर्षं लागतात. त्यात चूक असेल तर ती वेगळीच आहे. बऱ्याच जणांना गोळी रोज केंद्रावर येऊन, समोर घ्यावी लागते. नालासोपाऱ्याचा एक जण आहे, सकाळच्या गर्दीत गाडी पकडून गोळीला जातो, मग उशिरा कामावर पोचतो. ठेकेदार किती दिवस ऐकून घेईल? त्याला ती घराजवळ मिळायला हवी.”

“तुझ्या धाकट्या मामाला असली गोळी नव्हती,” मामा म्हणाले.

आमच्या घरात धाकट्या मामांचं नाव फारसं निघत नाही. मी तेव्हा शाळेत होते. मला आठवतं ते इतकंच, की ते खूप सुंदर पेटी वाजवायचे आणि पुढे पुढे ती पेटीच घरातून नाहीशी झाली होती. गर्द ओढता ओढता ते सुईवर गेले. काही महिने एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. मामा सांगत होते, “वजन वाढलं होतं गं त्याचं. आईने त्याच्या आवडीची निनावं केली होती. आठवडाभर घरात होता. माझ्याबरोबर फिरायला यायचा. एका संध्याकाळी पाय मोकळे करून येतो म्हणून गेला आणि स्टेशनच्या बाजूला सापडला. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. एवढं सगळं करून पहिल्याच आठवड्यात फसवलं त्याने आम्हाला. हावरटासारखी जास्त घेतली आणि गेला.”

“जास्त घेतली असं कुणी सांगितलं?”

“गेला ना.”

“मामा, त्यांनी बहुतेक पूर्वीएवढीच घेतली असणार. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. काही महिने बंद राहिली की ती सवय उतरते. मग जुनीच मात्रा शरीराला झेपत नाही. ही औषधं श्वास मंद करतात. माणूस झोपलाय असं वाटतं, ओठ निळे पडतात, आणि श्वास थांबतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलंय. धाकट्या मामांचा तो पहिला आठवडा होता.”

मामा माझ्याकडे बघत राहिले. “हे त्याला माहीत होतं?”

“कुणी सांगितलं नसेल तर कसं माहीत असणार?”

“आम्हाला कुणी सांगितलं नाही. सोडताना सही घेतली, म्हणाले, मन खंबीर ठेवा.” बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “सांगितलं असतं तर त्याने घेतली नसती?”

“कदाचित घेतली असती. पण एकट्याने घेतली नसती. जुन्या मात्रेच्या पाव हिश्शाने सुरुवात केली असती. सोबतच्याला माहीत असतं, की श्वास अडला तर तोंडाने श्वास द्यायचा, कुशीवर वळवायचं, पळून जायचं नाही. इस्पितळात नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, ते वेळेत मिळालं तर अशा बेशुद्धीतून माणूस परत येतो.”

“म्हणजे घ्यायची कशी, ते शिकवायचं.”

“हो. ज्याच्या हातून ती सुटलेली नाही, त्याला तेही शिकवायचं.”

“हे मला जमणार नाही,” मामा म्हणाले. “मी इतकी वर्षं त्यांना सांगतोय, आज घ्यायची नाही. त्याच तोंडाने हे नाही सांगता येणार.”

“तुम्ही तेच सांगत राहा. कुणीतरी ते सांगायला हवंच.”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “रविवारी संध्याकाळी गटाची बैठक आहे. या महिन्यात दोन मुलं केंद्रातून घरी येतायत, त्यांचे आईवडील येतील. ते सवय उतरण्याचं, श्वासाचं, पहिल्या आठवड्यांचं, तेवढं येऊन सांग. सुयांचं काढू नकोस. ते मला अजून पटलेलं नाही.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“विचारलं तर खरं ते सांग. आणि त्या झाडणाऱ्या बाईला उद्या सकाळी तूच घेऊन जा, माझं ऐकून ती इस्पितळात जायची नाही.”